निरांजनापुढची काच



सुप्रिया ही निरवांगीच्या मेंढपाळाची पोरगी. बारामतीच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मान मोडून तिनं लेसरनं चित्र टिपणारी फिल्म बनवली होती. बाजारच्या फिल्ममध्ये चांदी असते, ती परदेशातून मागवावी लागते. हिच्यात चांदीचा कण नाही. काचेवर नारिंगी रसायन कालवलेल्या जिलेटिनचा पातळ थर, बस्स. घरच्या मेंढराच्या गळ्यातली घंटा तिनं त्यावर टिपली, तर ती काचेच्या आत लोंबतेय असं वाटायचं. अंधुक, पण खरी.

आज पुण्याहून संशोधनाला पैसे देणारे पाहुणे यायचे होते. त्यांनी पसंत केलं तर पुढचं काम तिच्या नावानं चालणार होतं. आणि विभागप्रमुख दिग्विजय सरांनी काय करावं? तिची कोरी काच कपाटात टाकली आणि विकतची चांदीची काच तिच्या डबीत भरली.

"तुझ्या काचेवर अंधुक येतंय गं. हिच्यावर झगझगीत येतं. पाहुण्यांना काय कळतंय?"

"सर, हे खोटं हाय."

"नाव तुझंच घेणार हाय की. गप ऱ्हा."

लाज कशाशी खातात ते या माणसाला ठाऊकच नव्हतं. सुप्रियाला त्याच्या अत्तराच्या वासाचीही किळस आली.

पाहुणे आले. प्रयोगशाळेत नुसता पिवळा दिवा. सरांनी छाती फुगवून सांगितलं, "चांदीच्या फिल्मला जरासा उजेड खपत नाही. आमची या पिवळ्या उजेडात खुशाल उघडी ठेवा, काही होत नाही."

आता आपल्याकडं नवा ट्रॅक्टर आला तरी कुंकू लागल्याशिवाय किल्ली फिरत नाही. प्राचार्या राजलक्ष्मी मॅडम तबक घेऊन पुढं झाल्या. डबी उघडली, काचेच्या कडेला हळदकुंकू लावलं, निरांजनानं सावकाश ओवाळलं. सरांचा हात अर्ध्यातच थांबला. अडवणार कुठल्या तोंडानं?

मग दिवा मालवून सरांनी त्या काचेवर घंटा टिपली, रसायनात धुतली. काच काळीकुट्ट निघाली.

"मुलीचं काम आहे," सर पाहुण्यांना म्हणाले. "अजून कच्चं आहे."

सुप्रियाला शिसारी आली. कपाटातून आपली काच काढून तिनं त्याच निरांजनापुढं धरली, लेसरनं घंटा टिपली, धुऊन गरम हवेवर वाळवली. घंटा दिसली. अंधुकच.

"ही माझी," ती म्हणाली. "निरांजनाच्या उजेडानं काळी पडली ती चांदीची. सरांनी विकत आणलेली."

पाहुण्यांनी दोन्ही काचा हातात घेतल्या. पहिले हसले ते सरच. "फरक कळावा म्हणून तर आम्ही दोन्ही दाखवल्या."

पाहुण्यांनी विचारलं, "मग काम कुणाच्या नावानं धरू?"

"विभागाच्या," सर म्हणाले. टाळ्या वाजल्या. शाल त्यांच्याच खांद्यावर पडली. त्यांनी पेढा उचलून तिच्या तोंडापाशी नेला. "तोंड गोड कर, बाळ."

सुप्रियानं तोंड उघडलं. पेढा आत जाऊ दिला. मग सगळ्यांदेखत तो तळहातावर थुंकला आणि सरांच्या नव्या शालीला हात पुसला.