चार बोटांची कड

आमच्या कारखान्यात पेनाला बंदी आहे. कारखाना हा काकांचा शब्द. खरं तर एक लांबट खोली, दोन शिलाई मशीनं, टाके घालायची मोठी लाकडी चौकट आणि कोपऱ्यात इस्त्रीचं टेबल. ऑर्डर लिहायचं पेनसुद्धा दाराबाहेर खिळ्याला सुतळीने बांधलेलं असतं. लिहायचंय? बाहेर जा, लिहा, हात झटका, मग आत या.

आम्ही रजया करतो. वरचं कापड, मधे कापूस, खाली अस्तर, आणि तिघांना एकत्र धरून ठेवणारे टाके. टाके कुठून कुठे जाणार त्याच्या रेघा आधी वरच्या कापडावर काढाव्या लागतात. ती आखणी. आमच्याकडे आखणी फक्त काका करतात, पुठ्ठ्याचे साचे ठेवून: पान, गोल, पाकळी, परत पान. गडद कापडावर अंघोळीच्या साबणाची झिजलेली चिपटी, पांढऱ्यावर टोकदार पेन्सिल. आत्या, म्हणजे काकांची धाकटी बहीण, त्या रेघांवरून टाके घालते. मशीनवरच्या दोघी म्हणतात, हिच्या टाक्यांवर पट्टी ठेवली तर पट्टीच वाकडी दिसेल. आणि इस्त्री पुन्हा काकांची. "इस्त्रीला दुसऱ्या कुणी हात लावलेला मला चालत नाही," हे वाक्य मी बोलायला शिकायच्या आधीपासून ऐकत असणार.

पेनावरच्या बंदीचं कारण कापसाच्या गठ्ठ्यांवर पसरलेलं आहे. अकरा वर्षांपूर्वी, मी तीन वर्षांची असताना, आत्याने एका डॉक्टरीणबाईंसाठी पांढरी रजई केली. साचा नाही, काही नाही. पाण्याने जाणारं निळं पेन घेऊन तिने मनाने पक्षी काढले, चिमण्या, बगळे, एक रागीट घुबड, आणि दोन महिने त्यांच्यावर टाके घातले. धुतल्यावर निळं गेलं आणि त्याच्या जागी तपकिरी उमटलं. जणू सगळे पक्षी चहात बुडवून काढलेत. डॉक्टरीणबाईंनी रजई घेतली नाही. आत्याने पुन्हा आखणीला हात लावला नाही, किंवा तिला लावू दिला नाही; या दोन्हींत किती फरक आहे ते मला यंदाच कळायला लागलंय.

कुणी नवीन कामाला आलं की काका हनुवटीने त्या रजईकडे दाखवतात आणि सांगतात, हे बघा पेनाचे प्रताप. आत्याचं नाव कधी घेत नाहीत. घेतलं असतं तर तिला निदान उलट बोलता आलं असतं.

उलट बोलणं हा माझा नवीन विषय आहे. मी नववीत आहे. गेल्या वर्षापर्यंत वर्गात हात वर करताना माझं कोपर बाकाला चिकटलेलं असायचं. दिसला तर दिसला. यंदा विज्ञानाच्या बाईंचं फळ्यावर चुकलं, मी उभी राहून सांगितलं, आणि बाई "अरे हो" म्हणाल्या आणि पुसून पुढे गेल्या. एवढंच. छत कोसळलं नाही. तेव्हापासून माझ्या तोंडाला झाकण उरलेलं नाही असं आईचं म्हणणं आहे. काका मला बॅरिस्टर म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत.

तर, सोमवारी ग्रंथपालबाई आल्या. त्यांना वाचनालयाच्या मुलांच्या खोलीत भिंतीवर लावायला भली मोठी पांढरी रजई हवी होती आणि तिच्यावर समुद्र. एकही लाट दुसरीसारखी नको, एकही मासा दुसऱ्यासारखा नको. काकांनी नमुना म्हणून पाकळीचा साचा आडवा ठेवून लाटा काढून दाखवल्या. बाईंनी चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणाल्या की न्हाणीघराच्या फरशा छान होतील अशा. शनिवारी परत येते, तोपर्यंत जमत असेल तर सांगा, नाहीतर मी दुसरीकडे बघते.

आत्या चौकटीशी बसली होती. तिने मान वर केली नाही, पण तिचं बोट मांडीवर फिरत होतं. ती लाट होती. मी शपथेवर सांगते, ती लाट होती.

त्याच आठवड्यात सुया-दोरे विकणारा माणूस नमुन्याची पेनं देऊन गेला, कापडावर काढायची आणि मग घालवायची. काका मला म्हणाले, केरात टाक. मी केराच्या डब्यापाशी गेले आणि पाकीट टाकलं, आतला परक्या भाषेतला माहितीचा कागद टाकला. पेनं दप्तरात टाकली. दप्तरातही केरच असतो, असं आई म्हणते, म्हणजे मी आज्ञा मोडलेली नाही.

स्वयंपाकघराच्या ओट्यावर मी प्रयोगशाळा मांडली. जुनी उशीची खोळ फाडून तिच्यावर प्रत्येक पेनाच्या रेघा काढल्या. सगळ्या सुखाने गेल्या. मी नाचत आत्याकडे गेले. तिने खोळ बोटांत चुरगाळली आणि म्हणाली की ही शंभरदा धुतलेली आहे, हिच्यावरून लोणीसुद्धा घसरेल. नव्या कापडाला खळ असते, ज्या कापडाची रजई करायची त्याच कापडाच्या चिंधीवर बघायचं असतं. जरा वेळाने माझ्या दप्तरावर कोऱ्या पांढऱ्या कापडाच्या चिंध्या ठेवलेल्या सापडल्या, कात्रीने सरळ कापलेल्या. कुणी ठेवल्या ते विचारायची गरज नव्हती.

आता नीट. विज्ञानाच्या बाई शिकवतात, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तेच कापड, तेच पेन, फक्त वागवायची तऱ्हा वेगळी. जांभळ्या पेनाची रेघ हवेने जाते. माझा गृहपाठ संपायच्या आत ती निम्मी गेली, म्हणजे दोन महिन्यांच्या कामाला तिचा काय उपयोग. दुसरं पेन इस्त्रीने जाणारं. घरच्या इस्त्रीने गेलं, अगदी साफ. मग मला वाटलं गरमने जातं तर गारने काय होईल, आणि ती चिंधी मी फ्रीजरमध्ये मटारांवर ठेवली. शाळेतून आले तर रेघ परत हजर. आईने मटारच्या ताज्या शेंगा माझ्यापुढे ठेवल्या आणि या घरात चिंध्या गोठवायचं कारण विचारलं. मी म्हटलं, विज्ञान. ती म्हणाली, मग विज्ञानाने मटार सोलून दे.

राहिलं निळं. नुसत्या गार पाण्यात ते असं गेलं की कधी नव्हतंच. धुऊन मग इस्त्री केली, तरी काही नाही. शेवटच्या चिंधीवर मी उलटं केलं, आधी इस्त्री, मग पाणी.

तपकिरी.

चहात बुडवलेलं तपकिरी. मी तो रंग ओळखते. लहानपणी त्या घुबडाच्या डोळ्यात बोट घालून खेळले आहे. परत धुतलं, साबण लावला, घासलं. हलला नाही.

शुक्रवारी सगळे जेवायला गेल्यावर मी गठ्ठ्यांवरची रजई खाली ओढली आणि उजेडात पसरली. अकरा वर्षं सगळ्यांनी ती लांबून पाहिली होती. जवळून नीट निरखून कुणी पाहिली नसणार, कारण दोष कुणाचा ते ठरलेलंच होतं. मधले सगळे पक्षी तपकिरी. पण कडेला, चारही बाजूंनी चार बोटं रुंद पट्टीत, चिमण्यांची रांग आहे, तेच पेन, तोच हात, आणि तिथे एकही रेघ नाही. पांढरे शुभ्र टाके. तपकिरी जिथे थांबतं तिथे ते सरळ थांबत नाही. एका कोपऱ्यात ते टोक करून थांबतं, होडीच्या टोकासारखं. मी आमची थंड इस्त्री आणून तिथे ठेवली. बसली.

मी आत्याला बोलावलं. तिने वाकून चिमण्यांवर तळवा ठेवला. मग तिने सांगितलं की रजई धुवायची त्या दिवशी मला ताप होता, ती दिवसभर घरी माझ्याजवळ बसली होती. दुसऱ्या दिवशी आली तेव्हा रजई दोरीवर वाळत होती, अशी. तिला वाटलं, पेनच वाईट निघालं, आणि पेन तिने आणलेलं.

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता काकांना दाखवू. ती म्हणाली, जाऊ दे गं, इतकी वर्षं झाली. मला इतका राग आला की मी तिच्याशी पहिल्यांदाच चढ्या आवाजात बोलले. जाऊ दे काय? तुझे पक्षी आहेत. कामाला येणाऱ्या नव्या पोरी हिच्याकडे बघून तुला हसतात. तुला नसेल बोलायचं तर बोलू नकोस, मी बोलणार आहे, आणि मला ताप आला म्हणून हे झालं असेल तर माझाही त्यात वाटा आहे. तिने रजई घडी करून परत गठ्ठ्यांवर ठेवली, पण या वेळी चिमण्यांची बाजू वर.

शनिवारी ग्रंथपालबाई आल्या. मला सुट्टी होती. काका हात जोडून सांगायला लागले की समुद्र आमच्याकडे होत नाही, पानं हवी असतील तर सांगा. मी मधे गेले. रजई टेबलावर टाकली आणि तिच्या शेजारी माझ्या चिंध्या.

काका म्हणाले, "बॅरिस्टर, गिऱ्हाइकासमोर कोर्ट नको."

मी म्हटलं पाच मिनिटं लागतील. एकेक चिंधी दाखवली, कशाचं काय झालं ते सांगितलं. काका म्हणाले, अकरा वर्षांपूर्वीचं पेन वेगळं, आजचं वेगळं, असल्या खेळांनी काय सिद्ध होतं. बरोबर बोलले ते, आणि मी ते धरूनच चालले होते.

"मग काका, कडेच्या चिमण्या पांढऱ्या कशा? पेन वाईट होतं तर ते कडेलाही वाईट असायला हवं."

मशीनं थांबली. ग्रंथपालबाई त्यांची पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसल्या, उठायचा विचार नसल्यासारख्या. काकांनी कडेवर बोट फिरवलं, मग तपकिरी टोकावर. आणि चौकटीपाशी बसलेली आत्या, जिने मला जाऊ दे म्हटलं होतं, सुई कापडात खोचून उभी राहिली.

"दादा, इस्त्री कोण करतं आपल्याकडे?"

काकांचा चेहरा लाल झाला. ते म्हणाले, केली असेल, चुण्या होत्या, डॉक्टरीणबाई फोनवर फोन करत होत्या, अर्ध्या वाटेत आहे म्हणून, अशी चुरगळलेली देणार होतो का? "आणि पूर्ण कुठे केली? मधूनच फिरवली नुसती, कडेपर्यंत जायला वेळच नव्हता. मग निळं दिसतंय म्हणून पाण्यात..."

तिथे ते थांबले. स्वतःचंच बोलणं स्वतःच्या कानावर पडल्यावर माणूस कसा दिसतो, ते मी पाहिलं. जिंकल्यासारखं वाटेल असं मला वाटलं होतं. थोडं वाटलंही, खोटं कशाला बोलू.

काका हळूच म्हणाले की इस्त्रीने असं होतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते खरं असणार. ते खोटं बोलताना जास्त बोलतात.

"मलाही नव्हतं," आत्या म्हणाली. "पण मी एकटीने भोगलं."

आत्या मोरीवर गेली, हात धुतले, कोपरापर्यंत पुसले. मग माझ्यापुढे तळवा पसरला. मी दप्तरातून निळं पेन काढून दिलं. मशीनवरची एक जण पटकन उठली आणि पांढऱ्या कापडाचा ताका टेबलावर सोडला. पुठ्ठ्याचे साचे मधे येत होते, ते तिने खाली ठेवले. मी जाऊन इस्त्रीची पिन काढली आणि वायर गुंडाळून इस्त्री मांडीवर घेऊन बसले. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मागितली नाही.

त्यांनी फक्त म्हटलं, आधी चिंधीवर बघ.

"हिने बघितलंय," आत्या म्हणाली, आणि टोपण काढलं.

पेन कापडाला टेकलं आणि पहिली लाट जराशी वाकडी निघाली. तिने ती तशीच पुढे नेली, वाकडेपणासकट, आणि ती जास्तच समुद्राची वाटायला लागली. ग्रंथपालबाई खुर्ची घेऊन जवळ सरकल्या.

"अगं, निदान फिकट काढ," काका म्हणाले.

आत्याने पेन आणखी दाबलं. रेघ इतकी निळी निघाली की दाराबाहेर खिळ्याशी उभं राहिलं तरी दिसली असती. ती टेबलभर गेली, कडेच्या चार बोटांत शिरली, आणि तिथे वळून तिचा मासा झाला.