कंपनीच्या प्लॉटवरचं गवत

अक्षदाचा लेख ब्लॉगवर चढला आणि रत्नमालाचा हात मोबाईलवरून निघेना. फोडणीत मोहरी तडतडतेय तोवर बघ, चिकलठाण्याच्या सिग्नलला स्कूटी थांबली की बघ. सकाळी वाचणाऱ्यांचा आकडा दोनशेच्या आत होता, दुपारी हजारावर गेला. नवरा म्हणाला, "मॅच चालू आहे का गं?" ती नुसती हसली आणि पुन्हा बघितलं.

आठवीच्या वर्गाचा ब्लॉग ही तिचीच हौस. शहरातल्या कुठल्याशा प्रशिक्षणात तिनं ही कल्पना उचलली आणि शेंद्र्याच्या पलीकडच्या आपल्या शाळेत आणून लावली. मुलांनी आधी कागदावर लिहायचं, वर्गात मोठ्यानं वाचायचं, मग संगणक खोलीत जो एकुलता एक संगणक चालतो त्याच्यावर आळीपाळीनं टाईप करायचं. गाइडातले निबंध उतरवून उतरवून पोरांचे हात भरून आले होते. आता आपलं लिहिलेलं जालन्याचा मामा वाचतो, पुण्याची मावशी वाचते, म्हटल्यावर मागच्या बाकावरची पोरंसुद्धा पेन शोधायला लागली.

नियम एकच होता. मोघम लिहायचं नाही. 'खूप मजा आली' असं कुणी लिहिलं की समासात लाल अक्षरात प्रश्न यायचे : कसली मजा? कुठे? बरोबर कोण होतं? पोरं तिला पाठीमागं 'कुठे मॅडम' म्हणायची, आणि हे तिला माहीत होतं. तिला ते आवडायचंही.

अक्षदा मुंजाबाची मुलगी. धनगराचं घर. मेंढरांमागं बिऱ्हाड फिरायचं तेव्हा ती वर्षातून चार महिने एका शाळेत, दोन महिने दुसऱ्या, आणि उरलेले कुठंच नाही, अशी शिकली होती. गेली तीन वर्षं मात्र बिऱ्हाड गावाजवळच टिकून होतं, म्हणून पोरगी सलग वर्गात बसत होती. बसायची आणि लिहायची. तिनं लिहिलेलं वाचताना रत्नमालाला आपण उगाच शिक्षिका झालो नाही, असं वाटायचं. एवढं सुख या नोकरीत क्वचित मिळतं.

लेख कोकरू जन्मल्याचा होता. पहाटेची थंडी, मेंढीचं ओरडणं, आईनं पदरानं पुसलेलं ओलं पिल्लू. सगळं झकास. फक्त एक वाक्य रत्नमालाला खुपलं : 'आम्ही मेंढ्या एका ठिकाणी चारतो, तिथे गवत चांगले आहे.'

"एका ठिकाणी म्हणजे कुठे?"

"मॅडम, असू द्या ना तेवढं."

"असं कसं असू द्या? वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर उभं राहिलं पाहिजे. बाकी सगळं दिसतंय आणि नेमकं इथंच धुकं कशाला?"

अक्षदा बाकाच्या लाकडावर नखानं रेघा ओढत राहिली. मग मॅडम म्हणतात म्हणून तिनं लिहिलं. निळ्या टाकीवाल्या कंपनीच्या मागचा मोकळा प्लॉट. उजाडायच्या आत सांडूकाका वॉचमन लहान गेट उघडतो. गवत कमरेएवढं. मेंढरं गवत खातात म्हणून साप होत नाहीत, असं काका म्हणतो. काकाच्या मोबाईलवर काढलेला फोटोही तिनं आणला : मेंढरं, गेट आणि मागं निळी टाकी. रत्नमालानं वर्गात टाळ्या वाजवायला लावल्या. अक्षदा खाली मान घालून उभी होती. लाजली, असं मॅडमनी गृहीत धरलं.

पुढच्या आठवड्यात अक्षदा शाळेत आली नाही. रत्नमालाला आधी वाटलं, ताप असेल. मग वाटलं, पाहुणे असतील. तिसऱ्या दिवशी तिला फळ्यावर धड तारीख लिहवेना. तिनं खडू ठेवला आणि अक्षदाच्या शेजारी बसणाऱ्या श्रेयाला विचारलं.

"तिचं बिऱ्हाड निघालंय मॅडम. प्लॉटला कुलूप लागलं ना. सांडूकाकाला बी बदली करून लांब वाळूजच्या गेटवर टाकलं."

"का?"

श्रेयानं आजूबाजूला बघितलं. एवढं उघड आहे ते मॅडमना कसं कळत नाही, असा तिचा चेहरा झाला. "ब्लॉगमुळं," ती हळूच म्हणाली.

मुख्याध्यापक नानासाहेबांच्या खोलीत रत्नमाला जवळजवळ पळतच गेली. ते खुशीत होते. शिक्षणाधिकारी साहेबांचा फोन येऊन गेला होता, लेख जिल्ह्याच्या ग्रुपवर फिरत होता, आणि शाळेच्या गेटवर अक्षदाच्या फोटोचा फ्लेक्स लावावा का, या विचारात ते होते.

"सर, तो लेख मी काढतेय."

"काढता? अहो, साहेबांनी वाचलाय तो!"

"म्हणूनच," ती म्हणाली. हे उत्तर त्यांना कळलं नाही, आणि तिलाही नीट कळलं नव्हतं. पासवर्ड तिच्याकडं होता. तिनं तिथंच उभ्याउभ्या लेख पुसला. पुसायला काही क्षण लागले. तेवढ्यात कुठल्याशा ग्रुपवर तोच लेख फोटो काढून कुणीतरी नव्यानं टाकलेला तिला दिसला.

मग ती स्कूटी काढून थेट निळ्या टाकीच्या गेटवर गेली. नवा वॉचमन आत सोडेना. तिनं हुज्जत घालून ऑफिसातल्या अधिकाऱ्याचा नंबर मिळवला आणि उन्हात उभं राहून फोन लावला. माणूस गोड बोलत होता.

"अहो मॅडम, काय सुंदर लिहिलंय त्या मुलीनं! मीच तर आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं. मिसेसला वाचून दाखवलं. आता ते वरपर्यंत गेलं, प्लॉटमध्ये मेंढ्या कशा म्हणून विचारणा झाली. मी काय करणार? कुणी लिहिलंच नसतं तर आमचं काय जात होतं?"

तिनं विनंती केली, आवाज चढवला, पुन्हा विनंती केली. तो दर वेळी लेखाचं कौतुक करत राहिला. शेवटी तिनं फोन ठेवला. शिव्या खाव्याशा वाटत होत्या आणि जो तो कौतुक करत होता!

बिऱ्हाड ओढ्याच्या काठाला होतं. घोड्यावर भांडी, वाकळा चढत होत्या. मंजुळाबाई, अक्षदाची आई, दोर आवळत होती. मुंजाबानं रत्नमालाला पाहिलं आणि घाईघाईनं घोंगडी झटकून अंथरली.

"या बाई, बसा. अगं, च्या ठेव."

"चहा नको. मुंजाबाभाऊ, चूक माझी आहे. ती लिहीत नव्हती, मी लिहायला लावलं. मी लेख काढून टाकलाय."

"आता काढून काय व्हतंय? आन् पोरीनं खोटं थोडंच लिवलं? खरंच हाय ते सगळं." तो हसला. त्याच्या हसण्यात राग नव्हता, आणि त्यामुळंच रत्नमालाला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. "सांडूचं वाईट झालं मातर. लई भला माणूस."

"मला फक्त गावाचं नाव सांगा, कुठं चाललात ते. तिथल्या शाळेत मी आत्ताच्या आत्ता फोन करते. तिला वर्गात बसवून घेतील. तिचं वर्ष वाया जायला नको, भाऊ."

मुंजाबानं चिलीम हातात फिरवली, ओढ्याच्या पार बघितलं. "बगू," तो म्हणाला. "जाऊ कुठंतरी."

"कन्नडकडं का? सिल्लोडला तर माझं माहेर आहे, तिथले सगळे शिक्षक ओळखीचे आहेत..."

मंजुळाबाईनं दोर सोडला आणि जवळ आली. "राग मानू नका बाई. चारा कुठं हाय ते आमच्यात सख्ख्या भावाला बी सांगत नाय. इचारलं की म्हणायचं, जाऊ कुठंतरी. तीन साल आमचं हितं निभलं ते कुणी बोललं नाय म्हणून."

रत्नमाला अक्षदाकडं वळली. पोरगी नुकत्या झालेल्या कोकरांना घोड्यावर टांगायच्या जाळीत बसवत होती. शाळेचा निळा फ्रॉक अंगावर होताच, वरून आईचं जुनं जाकीट.

"अक्षदा, तुला माहीत आहे ना? तू सांग मला. मी कुणाला सांगणार नाही, कुठं लिहिणार नाही. शपथ."

अक्षदानं बापाकडं बघितलं नाही. सरळ मॅडमकडं बघितलं. पोरगी पहिल्यांदाच आपल्यापासून काही राखून ठेवत होती, आणि ती राखतेय तेच बरोबर आहे, हे रत्नमालाला कळत होतं आणि सोसवत नव्हतं.

"मी जाईन शाळेत मॅडम," अक्षदा म्हणाली. "तिथल्या सरांना मपलं नाव मीच सांगीन. मपल्या पायानं जाईन. पर तुमी नका इचारू."

रत्नमालाच्या ओठांवर आणखी कितीतरी प्रश्न आले होते. कोणती शाळा, किती दिवस, परत कधी.

"बरं," ती म्हणाली.

अक्षदानं मान हलवली आणि उरलेलं कोकरू उचलायला खाली वाकली.