फोनवरची बोली

"पुढे जायचं का, बाई? समोरून एक्याण्णव हजार आलेत," लिलाववाल्यांकडची मुलगी फोनवर कुजबुजली.

मेन्ना वृद्धाश्रमातल्या चादरींच्या खोलीत दाराला पाठ लावून उभी होती. चोवीस वर्षं भाड्यानं राहिलेलं घर घरमालक वारल्यामुळे आज विकलं जात होतं, आणि ब्याण्णव हजार पौंडांपुढे तिची झेप नव्हती.

"ब्याण्णव."

"समोरून साडेब्याण्णव, बाई."

"नाही, बस्स," मेन्ना म्हणाली. तिकडे हातोडा आपटला आणि पाठोपाठ टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणा परक्यासाठी गावानं टाळ्या वाजवाव्यात, हे तिला घर गेल्याहून जास्त लागलं. खाणीखालच्या त्या वेल्श गावाची रीत होती, घरात राहणारा माणूस बोली लावत असला की इतरांनी हात खिशात घालून बसायचं. पण फोनवरच्या बोलीदाराचं नाव सभागृहात कुणी सांगत नाही.

"तू स्वतः जाऊ नकोस. भावनेच्या भरात हात वर करत सुटशील," असं तिचा थोरला भाऊ ग्विलिम म्हणाला होता. फोनवरून बोली लावायचा अर्जही त्यानंच भरला होता, तिला परवडणाऱ्या शेवटच्या आकड्यासकट.

संध्याकाळी फाटकाशीच शेजारच्या बेथनमावशीनं तिला मिठी मारली. "झालं बाई तुझं घर! ग्विलिमनं हात वर केला आणि आम्ही सगळे चिडीचूप. तुझ्यासाठीच घेतोय म्हटलं! तो फोनवरचा मेला कोण होता गं? जळवेसारखा चिकटला होता!"

"तो मेला मीच होते, मावशी."

म्हातारी मटकन कठड्यावर बसली. सख्ख्या भावानं केसानं गळा कापला होता, आणि तो केस मेन्नानंच विश्वासानं त्याच्या हाती दिला होता. त्याचा तिला संताप आला, स्वतःचा त्याहून जास्त.

तासाभरात ग्विलिम केक घेऊन हजर. "तोंड कशाला पाडतेस? घर आपल्यातच राहिलं ना! तू राहा की खुशाल. वर्षभर भाडं वाढवणार नाही, शब्द देतो."

नेहमीसारखाच न विचारता त्यानं उंबऱ्याच्या आत पाय टाकला. मेन्नानं दारात हात आडवा धरला.

"घरमालकानं यायच्या आधी चोवीस तास कळवायचं असतं, ग्विलिम. लेखी."

तो हसला. ती हसली नाही. मग त्यानं पाय मागे घेतला, आणि मेन्नानं आतून कडी लावली.