झोपून तपासायची खोली

तिने चपला दाराशी काढल्या, पडदे ओढले आणि एखाद्या पाहुण्यासारखी पलंगावर आडवी झाली. खोली उभं राहून नाही, झोपून तपासायची, हा हॉटेलच्या देखभाल विभागात तिनेच आणलेला नियम. उभ्या माणसाच्या नजरेतून छतावरचा ओलीचा डाग सुटतो, नळाचं ठिबकणं निसटतं. पाहुण्याला मात्र रात्रभर तेवढंच दिसतं, तेवढंच ऐकू येतं, आणि सकाळी तो तणतणत खाली येतो.

या खोलीची तक्रार एकच होती, पण हटत नव्हती. एसी वाजतो. पानाकाकांनी काल त्याचा पंखा नवा बसवला होता. हातात कायम पाना, म्हणून पानाकाका. खरं नाव पगारपत्रकापुरतं. मोठ्या साहेबांनी सकाळीच तिला बजावलं होतं, "आज खोली पास झाली नाही, तर एसीचं काम बाहेरच्या कंपनीला. काकांना नारळ."

"ऐका निवांत," काका दारातून म्हणाले. "मुंगी चालली तरी कळेल, इतकं शांत केलंय. मी बाहेरच आहे."

तिने डोळे मिटले. फक्त ऐकण्यासाठी.

जाग आली तेव्हा तिचा हात शेजारी बाळाला चाचपत होता. चादर गार लागली आणि ती दचकून उठून बसली. दार किलकिलं झालं.

"काय ताई, आला का आवाज?"

"काका, मला झोप लागली."

काकांचा चेहरा फुलला. "मग झालं की! तपासणारीच ढाराढूर झोपली, त्या खोलीला शंभरपैकी शंभर."

हो म्हणायला तिचं काहीच जात नव्हतं. ती केस बांधत राहिली, उगाच वेळ लावून.

"बाळाला दात येताहेत, काका. सासूबाई म्हणतात, मी हल्ली दूध तापवता तापवता उभ्याने घोरते. माझ्या झोपेवर कसले गुण द्यायचे?"

"साहेब फोनची वाट बघताहेत, ताई."

"बघू देत. तुम्ही आत या. दोघं मिळून ऐकू."

काका खुर्चीत बसले. ती पलंगाच्या कडेला. बराच वेळ काही नाही. मग, टक. भिंतीवर कुणी नख वाजवावं तसं.

तिने काकांकडे पाहिलं. स्टेजवर आपल्या लेकराची कविता न अडखळता चालली आहे, अशा कौतुकाने ते एसीकडे बघत होते.

"बघा, कसा गप्प आहे. गुणी बाळ."

टक.

हल्ली काकांना हाक मारली तर वळत नाहीत. मोठेपणा आलाय म्हाताऱ्याला, असं सगळे म्हणायचे. तीसुद्धा एकदा हसली होती त्यावर.

फोन वाजला. "अजून अर्धा तास लागेल, साहेब."

"अर्ध्या तासात असं काय होणार आहे?"

"सांगते," म्हणून तिने फोन पालथा ठेवला.

घरी रात्री अंधारात बाळाचा श्वास ऐकू आला नाही, की ती त्याच्या पाठीवर तळवा ठेवायची. ती उठली. काकांना एसीखाली घेऊन गेली आणि त्यांचा राठ हात धरून भिंतीला लावला.

"जरा असेच थांबा."

"हे काय आणि नवीन?" काका हसले. मग त्यांची बोटं ताठरली. त्यांनी भिंतीला कान लावला, मान हलवली, पुन्हा तळवा टेकवला.

"मागची पट्टी सैल राहिलीय. भिंतीवर आपटतेय." ते तिच्याकडे वळले. "तुम्हाला हे पलंगावरून ऐकू येत होतं?"

तिने नुसती मान डोलावली.

काकांचा हात भिंतीवरच होता. "पोरगी रोज ओरडते, बाबा टीव्ही केवढा मोठा लावता. मी म्हणायचो, तुझेच कान नाजूक."

खुर्ची ओढून तिने भिंतीशी लावली, खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"चढा काका. तुम्ही आवळा, मी ऐकते."