बहिणीच्या खोलीतलं वायफाय

रविवारी सकाळी साडेआठ वाजता मानासेच्या फोनमधून घरचं वायफाय नाहीसं झालं. मंद झालं नाही, अडकलं नाही, सरळ नावच गेलं. यादीत फक्त शेजारच्या पाळकांच्या घरचं वायफाय दिसत होतं, तेही कुलूप लावलेलं, आणि पाळक तर पहाटेच्या प्रार्थनेपासून बायकापोरांसह चर्चमध्ये. मानासेने फोन बंद करून पुन्हा चालू केला. नाव आलं नाही. आत्ताच तो परसातला उमू लावून आला होता, तापलेल्या दगडांवर पानांत बांधलेलं जेवण रचून वरून माती ओढून. ते मातकट हात त्याने लुंगीला पुसले आणि पुन्हा यादी पाहिली.

नऊ वाजता हेइलालाचा कॉल होता. हेइलाला म्हणजे त्याची सात वर्षांची मुलगी, अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीत आईपाशी राहणारी. तिकडे शनिवारी दुपारचे दोन वाजतात तेव्हा इथे टोंगा बेटावर रविवार सकाळचे नऊ. महिन्यातून एकदा, वीस मिनिटं, आणि तेवढा वेळही कोर्टाने नेमलेली मिस लुंड नावाची बाई पोरीशेजारी बसून वहीत टिपणं काढणार. तीन वर्षांपूर्वी मानासेने तिथे एका बारबाहेर एका माणसाचा जबडा मोडला होता. तुरुंग झाला, मग त्याला विमानात घालून मायदेशी पाठवलं, आणि घटस्फोटाचे कागद मागोमाग आले. उरली ही वीस मिनिटं. त्यातले दोन कॉल यंदा चुकले होते. एकदा वादळात खांब पडले. दुसऱ्यांदा, मार्चमध्ये, तिकडे सगळ्यांनी घड्याळं तासभर पुढे ढकलली आणि हा शहाणा जुन्या वेळेला दहा वाजता नवा शर्ट घालून बसला, तोवर पोरगी वाट पाहून घरी गेली होती. मिस लुंडने त्यानंतर पत्रात स्वच्छ लिहिलं होतं, तिसरा कॉल चुकला की कॉल कायमचे बंद.

फोनमधला डेटा कालच संपला होता. रविवारी टोंगात रिचार्ज विकणारा माणूस सापडत नाही, आणि सापडलाच तर तो आधी तुम्हाला चर्चची वेळ सांगतो.

राहिला तो राऊटर. तो होता लोसालीनेच्या खोलीत.

लोसालीने हे त्याच्या थोरल्या बहिणीचं नाव. बहिणीच्या खोलीत भाऊ पाऊल टाकत नाही. मिसरूड फुटल्यापासून टाकत नाही, घराला आग लागली तरी आधी बाहेरून हाक मारेल. तिच्यापुढे तोंड सैल सोडत नाही, तिने ठरवलेलं मोडत नाही. अमेरिकेत बारा वर्षं काढली म्हणून हे काही अंगातून जात नाही. दोन वर्षांपूर्वी घरात वायफाय घेतलं तेव्हा चांगलं ते आधी बहिणीला, असं म्हणून राऊटर तिच्या खोलीत ठेवायचा शहाणपणा मानासेनेच केला होता. ओसरीवर बसून त्याने खोकं उघडलं, दिवे आणि बटणं समजून घेतली, पासवर्ड घातला आणि आईच्या हाती डबा आत पाठवला. तेव्हा आख्ख्या कोलोंगा गावात त्याचं कौतुक झालं होतं. आज त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं.

"आई," त्याने ओसरीवर बसलेल्या म्हातारीला हाक मारली, "जरा ताईच्या खोलीत जाऊन बघ ना. त्या डब्यावरचे दिवे लागलेत का?"

भिंत म्हणजे एक पातळ फळी. इकडे कोणी खोकलं तरी तिकडे कळायचं. तरी बहिणीला विचारायचं ते आईमार्फत, आणि बहिणीचं उत्तर यायचं तेही आईमार्फतच.

"आई, त्याला सांग, मी चर्चला जायचं आवरतेय," आतून लोसालीने म्हणाली.

म्हातारीने उठून दार लोटलं, आत गेली, दार लावून घेतलं. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता आणि दुसऱ्यावर तिचा स्वतःचाही विश्वास नव्हता. बऱ्याच वेळाने बाहेर आली.

"दोन हिरवे आहेत. तिसरा मेलाय."

"तिसऱ्यावर चित्र काय आहे?"

"चित्र कसलं रे. पाण्यात खडा टाकल्यावर उठतं ना, तसलं काहीतरी."

मानासेच्या जिवात जीव आला. वीज होती. बाहेरून येणारी लाइनही धड होती. घरात इंटरनेट येत होतं, फक्त डबा ते हवेत सोडत नव्हता. हे दुखणं जीवघेणं नाही, एवढं त्याला कळत होतं.

"विजेची वायर काढ, तीस आकडे मोज, परत लाव."

आकड्यांचा म्हातारीला कंटाळा. तिचं अर्धं मिनिट म्हणजे एकदा म्हटलेली प्रभूची प्रार्थना. फळीपलीकडून ती सावकाश, एकेक शब्द चावत म्हणू लागली आणि मानासे घड्याळाकडे बघत हात चोळत उभा राहिला. प्रार्थना संपली तेव्हा लोसालीनेने मोठ्या आवाजात आमेन म्हटलं. ते देवासाठी नव्हतं.

डबा पुन्हा जागा व्हायला दोन मिनिटं गेली. दोन दिवे लागले, तिसरा नाही. पावणेनऊ वाजून गेले.

डबा अडकला असता तर या उपायाने सुटला असता. सुटला नाही याचा अर्थ वायफाय कोणीतरी बटणाने बंद केलं होतं. बटणाने बंद केलेलं वायर काढून लावल्याने चालू होत नाही, डबा ते लक्षात ठेवतो. आणि त्या खोलीत जाणारी माणसं दोनच. त्यातल्या एकीला दिसत नव्हतं.

"आई, डब्याच्या मागे, वायरींच्या शेजारी, छोटं बटण आहे. ते दाब आणि तीन मोजेपर्यंत धरून ठेव. टाचणीएवढं भोक लागेल, त्यात काही खुपसू नकोस, नाहीतर सगळं पुसलं जाईल."

"बटणबिटण काही नाही इथे," लोसालीने आतून म्हणाली. "आई, तू बस खाली. ज्याला घड्याळ वाचता येत नाही तो तुझ्या डोळ्यांना कामाला लावतोय."

"ताई म्हणते बटण नाहीये," म्हातारीने दार किलकिलं करून सांगितलं.

"आहे, आई. मी बघितलंय. तू हात फिरव."

"ती हात लावू देत नाही रे."

मानासेने आवाज खाली आणला. रागावलेला माणूस म्हणून त्याचं नाव आधीच कोर्टाच्या कागदावर चढलं होतं. तो ज्या आवाजात मुलीशी बोलायचा त्या आवाजात म्हणाला, "बरं. मला एवढंच सांग, डब्यात वायरी किती आहेत?"

"एक विजेची. एक भिंतीतून आलेली. आणि ती पिवळी."

पिवळी वायर खोक्यातून आली होती. गरज नाही म्हणून मानासेनेच ती गुंडाळून खोक्यात परत टाकली होती.

"पिवळी कुठे जाते, आई?"

म्हातारी बाहेर आली, दार ओढून घेतलं आणि आपल्या पायाच्या बोटांकडे बघत राहिली. "ताईच्या टेबलाकडे," ती म्हणाली. "कॉम्प्युटरला. मी काय करू मानासे, तुम्ही दोघं माझीच."

वायर लावलेल्या कॉम्प्युटरला वायफाय लागत नाही. आणि कॉलची लिंक ज्या ईमेलवर यायची तो ईमेल लोसालीनेनेच उघडून दिला होता. ती शाळेत इंग्रजी शिकवायची. कोर्टाचे सगळे अर्ज तिनेच लिहिले होते, उपकार म्हणून, आणि भावाने मान खाली घालून तिचे आभार मानले होते.

आता लोसालीनेचंही सांगायला हवं, नाहीतर ती उगाच राक्षसीण वाटेल. ती बेचाळीस वर्षांची झाली आणि तिला मूल झालं नाही. नवरा सोडून गेला. हेइलाला जन्मली तेव्हा नाव आत्याने ठेवलं, तो तिचा मानच होता. मग तिने भावाला लिहिलं, ही पोर मला दे. यात वावगं काही नव्हतं. गावातल्या निम्म्या घरांत अशी आत्याने वाढवलेली पोरं आहेत आणि बहिणीने तोंड उघडल्यावर भाऊ नाही म्हणत नाही. पत्राबरोबर तिने स्वतः विणलेली बारीक चटई पाठवली, तीन वर्षं खपून विणलेली. इकडे पाळणा आणून ठेवला. मानासेची बायको कॅसी आधी हसली, मग भडकली, आणि ती चटई तिने कुत्र्याच्या बिछान्याखाली घातली. कुत्रा त्या चटईवर लोळत असल्याचा फोटो कुठल्याशा नातेवाइकाने कोलोंगापर्यंत पोचवला. मानासेने बायकोची समजूत घातली नाही आणि बहिणीला नकारही कळवला नाही. तो मूग गिळून बसला. बसायची ती जागा नव्हती.

नऊ वाजता फळीपलीकडे कॉलची धून वाजली आणि थांबली.

"डॅडी?" पोरीचा आवाज आला.

मानासेचा हात दारावर गेला आणि तिथेच थांबला. ही मात्र त्याची कमाल. पोटची पोर चार पावलांवर हाक मारतेय आणि हा फळीला हात टेकून उभा.

"डॅडी नाहीत गं बाळा आज," लोसालीने इंग्रजीत म्हणाली, शाळेत बोलायची तसं गोड. "मी तुझी आत्या. तुझं नाव मी ठेवलंय, ठाऊक आहे ना? मिस लुंड, माफ करा. मी त्याला कालपासून सांगतेय. शेवटी म्हटलं, पोरगी वाट बघेल, आपण तरी बसावं."

"मी इथेच आहे," मानासे ओरडला. "हेइलाला, मी दाराबाहेर आहे."



"कोण आहे ते?" मिस लुंडने विचारलं.

"माझा भाऊच," लोसालीने म्हणाली. मग तिने आवाज उतरवला, पण इतकाही नाही की बाहेर ऐकू जाऊ नये. "सकाळी सकाळी त्याच्या नादी लागू नका. शनिवारची अजून उतरलेली नसते."

त्याने तीन वर्षांत दारूच्या थेंबाला स्पर्श केला नव्हता.

म्हातारीने त्याचा दंड धरला. "मानासे, नको रे. बहिणीची खोली आहे. गावात तोंड दाखवता येणार नाही." एरवी काठीशिवाय न उठणारी बाई, पण तिने दोन्ही हातांनी धरलं होतं. त्याने दंड सोडवून घेतला. ती भिंतीवर आदळली ते त्याने बघितलं नाही. दार ढकललं तर ते पलीकडे आपटून परत आलं.

मिसरूड फुटल्यापासून या खोलीत तो पहिल्यांदाच येत होता. आजूबाजूचं काही त्याला दिसलं नाही. पडदा दिसला. पडद्यावर पोरगी, पुढचा एक दात पडलेला, केसांना पिवळी रिबीन.

लोसालीनेने जे केलं ते त्या बेटावरच्या कुठल्याही बहिणीने केलं असतं. भाऊ खोलीत आलेला बघून तिने दोन्ही हात डोक्यावर घेतले, खुर्चीवरून खाली सरकली आणि जमिनीवर अंग चोरून बसली. लाजेने बसली की ठरवून बसली, हे देवाला ठाऊक. कॅमेऱ्याला दोन्ही एकसारखंच दिसतं. सॉल्ट लेक सिटीत दिसलं ते असं. दार फुटल्यासारखा आवाज झाला, हातभर माती लागलेला एक आडदांड माणूस आत घुसला, मागे एक म्हातारी कण्हत होती, आणि पुढ्यात एक बाई डोकं झाकून जमिनीवर बसली होती.

"बाळा," मानासे हसायचा प्रयत्न करत म्हणाला. त्याला धाप लागली होती. "बाळा, मी आहे, घाबरू नकोस, हे वायफाय बंद पडलं होतं."

हेइलाला खुर्चीतून मागे सरकली. सरकता सरकता तिने मिस लुंडची बाही घट्ट पकडली. मुलीने आपल्याला सोडून दुसऱ्या कोणाला असं पकडलेलं बघणं काय असतं, ते मानासेला त्या क्षणी कळलं. असं कोणाला कळू नये.

"तिला मारू नका," पोरगी म्हणाली.

"मी मारत नाहीये. ताई, ऊठ ना. तिला सांग. ताई, तुझ्या पाया पडतो, तिला सांग."

लोसालीनेने डोकं वर केलं नाही.

"आता पुरे," मिस लुंड म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "आम्हाला बघायचं होतं ते बघून झालं. यापुढचं कोर्टाच्या पत्रातून कळेल." एक हात पुढे आला आणि पडदा काळा झाला. घड्याळात नऊ वाजून चार मिनिटं झाली होती.

म्हातारी दारात बसून मनगट चोळत होती. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं, मुलगा बहिणीच्या खोलीत शिरलेला दिसू नये म्हणून.

लोसालीने उठली. झगा झटकला, चर्चला जाताना इथे कमरेला गुंडाळतात ती चटई नीट केली. राऊटरच्या मागे हात घातला, न बघता बटण शोधलं आणि तीन मोजेपर्यंत धरून ठेवलं. तिसरा दिवा लागला. मानासेच्या हातातला फोन सारखा थरथरू लागला, सकाळपासून अडलेलं सगळं आत येत होतं. तो टेबलाला धरून खाली बसला होता आणि त्याच्या घशातून भलताच आवाज येत होता.

बहीण त्याच्यासमोर उभी राहिली. पोर जन्मल्यापासून ती त्याच्याशी थेट एक शब्द बोलली नव्हती.

"माझ्या पाळण्यात सात वर्षं कोणी नाही," ती म्हणाली. "आता तुझ्याही नाही. मिस लुंडला माफीचं पत्र मी लिहीन, तुझं इंग्रजी कच्चं आहे."

तो मातकट तळहाताने तोंड पुसत राहिला.

"आणि रडायचं असेल तर बाहेर जाऊन रड. ही माझी खोली आहे."

मानासे उठला. मान खाली घालून, तिच्याकडे पाठ न करता, मागे मागे सरकत तो बाहेर गेला.