'लेस' लिहिलेला चिमटा

मी चिमटा बोलतोय. कपडे वाळत घालायचा, लाकडी, बोटाएवढा. आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. दोन काड्या, मध्ये एक स्प्रिंग, आणि जन्मभर एकच धास्ती: सुटलं तर? त्यात माझी स्प्रिंग पहिल्यापासून ढिली.

व्हिएतनाममधल्या सा-देकच्या बाजारात लिएनबाईंनी आम्हा बारा जणांचा पुठ्ठा उचलला. फुलांच्या मळ्यांत राबणाऱ्या मजुरांचे कपडे त्या धुऊन देतात. पहिल्याच दिवशी त्यांनी मला एका पँटला लावलं आणि पँट माझ्यासकट चिखलात पडली.

"हा बघा, तोंडाचं नुसतं बोळकं!" त्या म्हणाल्या. तेव्हापासून माझं नाव बोळक्या. मला फक्त रुमाल आणि पोरांचे मोजे मिळू लागले. मला त्यात वाईट वाटलं नाही. उलट सुटलो म्हणालो.

लिएनबाईंना दोन मुली. थोरलीला घरात सगळे हाई म्हणतात. तीन वर्षांपूर्वी दहावीच्या प्रवेश परीक्षेत ती अर्ध्या गुणाने गेली. सरकारी शाळा हुकली, खासगी शाळेचं नावही घ्यायची सोय नाही, म्हणून ती मावशीकडे कोळंबी सोलायच्या शेडमध्ये कामाला लागली. दिवसभर हात बर्फात. नववर्षाला घरी आली तेव्हा हौसेने आईचे कपडे वाळत घालायला आली. बोटं पांढरी, सुजलेली. तिने मला उचललं आणि दाबलं. मी उघडलो नाही. ज्याला शेंबडं पोरसुद्धा दाबून उघडतं, त्या मला तिची बोटं उघडू शकली नाहीत. ती हसली, मला टोपलीत टाकून आत गेली. तो दिवस मी विसरलेलो नाही.

आता परीक्षा धाकटीची, थोआची. गणित बरं, निबंध बरा, घोडं अडायचं ते इंग्रजीच्या एका प्रश्नावर. कंसात एक शब्द दिलेला असायचा आणि वाक्यात बसेल असा त्याला आकार द्यायचा. पुढे काही जोडा, मागे काही जोडा. अशी सहा वाक्यं, प्रत्येकी पाव गुण. पाव गुणाला हसू नका. आमच्याकडे पाव गुणावर घरं रडतात.

खरं सांगायचं तर आमच्या भाषेत शब्दाला शेपूट नसतंच. शब्द जन्मतो तसाच मरतो. त्यामुळे इंग्रजी बोलतानाही आमची माणसं शब्दाचं टोक गिळून टाकतात, आणि जे तोंडात येत नाही ते हातून तरी कुठून उतरणार?

लिएनबाईंना इंग्रजीचं अक्षर येत नाही, पण डोकं आहे. त्यांनी दुधाच्या खोक्याचे तुकडे कापले, थोआकडून त्यांवर शब्द लिहून घेतले आणि ते दोरीला टांगले. मग आमची पाळी. चार चिमट्यांवर लाल शाईने पुढे जोडायचे तुकडे, 'अन', 'डिस' वगैरे. आठांवर निळ्या शाईने शेपट्या. मला मिळालं 'लेस', म्हणजे नसलेला. माझ्या शेजारी 'फुल', म्हणजे भरलेला. तो पहिल्यापासून गुबगुबीत आणि घट्ट. मी म्हटलं, वाटणी बरोबर झाली.

बाई धुणं पिळता पिळता ओरडायच्या, "लाल पुढे, निळा मागे! अगं कार्टे, लाल मागे लावलास!"

"तुला वाचता येतं का, मा?"

"रंग दिसतो की! शर्टाची कॉलर कुठे नि घोळ कुठे, एवढं कळतं मला."

थोआ बाकी सगळे चिमटे शिकली, पण माझ्यात आणि 'फुल'मध्ये हटकून चुकायची. 'हार्म' म्हणजे इजा. इजा न करणारा म्हणायचं असलं तरी तिचा हात 'फुल'कडे जायचा. मला उचललं की म्हणायची, "बोळक्या, तुला ना मी घाबरते." मला घाबरणारं जगात कुणी असेल असं मला वाटलं नव्हतं.

परीक्षेच्या आधीच्या संध्याकाळी हवा ओली होती. बाईंनी थोआचा पांढरा शर्ट दोरीवर घातला. चांगले चिमटे सगळे मजुरांच्या कपड्यांना लागलेले, म्हणून पाठीमागच्या घोळाला मी.

सकाळी एकच धांदल. बाईंनी लाल चवळी घातलेला चिकट भात वाढला, कारण आमच्याकडे चवळी आणि पास होणं यांना एकच शब्द आहे. शेजारणीने केळी आणली, तर बाईंनी ती दारातूनच परत पाठवली. "घसरेल पोरगी!" थोआने शर्ट ओढून काढला, अंगात घातला, वरून रेनकोट चढवला. आणि मी? मी घोळालाच होतो! सुटायच्या वेळी कधी नाही ते घट्ट धरून बसलो.

रेनकोट शाळेच्या फाटकात निघाला. वर्गात शिरताना पर्यवेक्षक सरांनी नियम वाचून दाखवला. कुणाजवळ लिहिलेला कसलाही तुकडा सापडला, तर पेपर रद्द, परीक्षेतून बाहेर. माझी पाचावर धारण बसली. माझ्या पाठीवर निळ्या शाईत ठसठशीत 'लेस' लिहिलेलं. मी धरून राहिलो तर कुणीतरी बघणार, सोडलं तर फरशीवर टक्‌ आवाज होणार, आणि मग ते माझ्यावरचं वाचणार. मला हाईची बोटं आठवली. मी जीव मुठीत धरून लटकून राहिलो.

सर उंच, काटकुळे. त्यांचे बूट रांगेतून मागे जात, पुन्हा पुढे येत. एकदा ते आमच्या बाकाशी थांबले. मला त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता. मग खिडकीशी एक पेन पडलं आणि ते तिकडे वळले.

दुसऱ्या पर्यवेक्षक एक बाई होत्या, ठेंगण्या, जाड चष्म्याच्या. त्या मागून आल्या. थोआच्या खांद्यावर बोट टेकवून हळूच म्हणाल्या, "शर्ट आत खोच, बाळ."

त्यांनी मला पाहिलं होतं की नुसती शिस्त म्हणून बोलल्या, हे मला आजही माहीत नाही.

थोआने शर्ट खोचला आणि मी तिच्या पाठीला टोचलो. ती दचकली. हात मागे गेला, कापडावरून तिने मला चाचपलं. ढिलं तोंड हाताला लागलं आणि तिने हात झटकन पुढे घेतला. बारा चिमट्यांत असा एकच, हे तिला ठाऊक होतं. कितीतरी वेळ तिचं पेन चाललंच नाही. मग एकदा ती कागदावर वाकली, हात उचलला, तसाच धरून ठेवला. आणि पेनचं टोपण लावल्याचा आवाज आला.

घरी आल्यावर तिने मला काढून आईच्या हातात ठेवलं. सगळं सांगितलं. बाईंनी मला उलटंपालटं करून बघितलं.

"एक चुकलंय, मा," थोआ म्हणाली. "साप दिसायला भयंकर, पण काही इजा न करणारा, असं वाक्य होतं. मी 'फुल' लिहिलेलं. पाठीला हा लागला आणि कळलं, 'लेस' हवं होतं."

"मग खोडायचं ना!"

"नाही खोडलं. ते उत्तर बोळक्याचं होतं, माझं नव्हतं."

"अगं येडे! पाव गुण! तुझी बहीण अर्ध्यावर गेली, विसरलीस?"

बाईंनी मला बटणांच्या डब्यात फेकलं आणि झाकण लावलं.

तिथे मी किती दिवस होतो कोण जाणे. अंधारात एकच विचार. तो पाव गुण कमी पडला, तर बर्फात जाणारी पुढची बोटं माझ्यामुळे जातील. मी सुटून पडलो असतो तर? शर्टाऐवजी मोज्याला असतो तर?

एके दिवशी बाहेर किंकाळी ऐकू आली. मला वाटलं, संपलं. मग फोनवर बाईंचा आवाज, रडून चिरकलेला. "हाई, पास झाली गं ती! शाळेला जितके गुण लागतात तितकेच! एक कण वर नाही, एक कण खाली नाही! अगं, जिवावर बेतलं होतं ते शेपटावर निभावलं!"

आज हाई दोन दिवसांच्या सुट्टीवर आली आहे. अंगणात थोआचा नव्या शाळेचा गणवेश, पांढरा आओ-ज़ाय, धुऊन तयार आहे, लांब, पाणी गळणारा, जड. थोआने डबा उघडला आणि मला बहिणीच्या हातावर ठेवलं.

"हा कशाला? घट्टातला दे," बाई म्हणाल्या.

"हाच. पण हाईने लावायचा."

हाईने दाबलं. एका हाताने जमेना. मग दोन्ही हातांनी, दात आवळून. मी लाकडाची सगळी ताकद लावून उघडलो.

माझ्यावरची शाई विटली आहे, 'लेस'ची शेवटची दोन इंग्रजी अक्षरं गेली आहेत, म्हणजे माझंही शेपूट गिळलं गेलं. खाली चिखल आहे. दोरी हलते आहे. मी घाबरलो आहे, खूप घाबरलो आहे. वाऱ्या, तुला हात जोडता येत नाहीत मला, हात मोकळे नाहीत. हा कपडा वाळेपर्यंत तेवढा जरा हळू ये.