बेचाळीस लेकरं

आमच्या मालकाला मोजता येत नाय असं नाय. मोजायचंच नाय, असा हट्ट! चाळीस वर्सं मेंढरं राखली, पर एकदा बोटावर मोजली नाईत. आमच्यात कळप मोजला की घटतो म्हणतात. मी म्हणलं, "आवं, पार्कात कुठं मेंढरं हायेत? तिथं माणसं येतात." तर म्हणे, "मग तर मुळीच मोजू नये."

आता ह्या माणसापुढं काय डोकं आपटू?

हर्सूलच्या पल्याड तळ्याकाठी नवं पार्क झालंय. झुकझुक गाडी हाय, हंसाच्या होड्या हायेत, झोके हायेत. मी फाटकाशी भुईमुगाच्या शेंगा विकते. मालकाच्या गुडघ्यांनी दगा दिला तवा मेंढरं विकली, आन् हे दिवसभर मेंढरांच्या रिकाम्या वाड्याकडं बघत बसायला लागले. मला ते बघवंना. म्हणून म्यानेजर शिवराजसायबाच्या मागं लागून त्यांना होड्यांवर लावलं. सायेब म्हणला, पंधरा दिवस बघतो. अर्जात 'अनुभव' लिहायच्या जागी त्यानं आडवी रेघ मारली. ती रेघ मला लई झोंबली.

चौदा दिवस एकच रड. "केरबाकाका, होडीतून किती उतरले?" "समदे." "अहो, पण किती?" "समदे." सायेब कपाळाला हात लावायचा.

पंधरावा दिवस शनिवार. सायेब सकाळीच म्हणला, "काका, आज चितेगावची शाळा येतीय. संध्याकाळी आकडा नाही सांगितला तर उद्यापासून येऊ नका."

"सांगतील, सांगतील!" मीच फाटकातून ओरडले, आन् मालकाला डोळे वटारले.

दिवसभर लेकरांनी नुसता धुडगूस घातला. पाच वाजता समदी बसजवळ रांगेत उभी राहिली. म्याडम एकेकाच्या हातावर राजगिऱ्याचा लाडू ठेवत, डोक्यावर हात लावत मोजत गेल्या. बेचाळीस. बरोब्बर.

"काका, तुमचा आकडा?" सायबानं विचारलं.

मालक बसच्या आडवे उभे राहिले. "एक लेकरू कमी हाय."

"अहो, बेचाळीस भरली की!"

"भरली असतील. लाल रिबिनीची, चपलेचा अंगठा तुटल्याली, सकाळपास्नं समद्यांच्या मागं रेंगाळनारी, ती पोरगी नाय. गाडी सोडायची नाय."

ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, सायेब लालबुंद झालाय. मी मालकाचा हात वढला. "आवं, सरका की! हातची भाकर जाईल!" पर हे खांबावानी उभे.

तेवढ्यात म्याडमचा चेहरा उतरला. "सोनिया! अगं बाई, सोनिया कुठंय?"

मग काय, समदे धावले. तळ्याकडं बघायचा तर मला धीरच होईना. मालक मातुर तिकडं गेलेच नाईत. सरळ झुकझुक गाडीकडं गेले, शेवटच्या डब्यात वाकले, आन् हसले. सोनियाबाई तुटकी चपल उशाला घेऊन घोरत होत्या! म्याडमनी तिला पोटाशी धरलं आन् रडत रडत हसल्या.

"मग बेचाळीस भरली कशी?" सायेब म्हणला.

आम्ही रांगेकडं बघितलं. मधोमध, गाल फुगवून लाडू खात उभी होती माझीच नात, श्रेया! सकाळची शाळा करून आल्याली, ड्रेस बी तसलाच निळा.

"अगं भवाने!"

"लाडू देत होत्या," ती म्हणली. समदी बस खदाखदा हसली.

बस गेल्यावर मी मालकाला विचारलं, "तुमाला कसं कळलं, ती गाडीत आसंल म्हणून?"

"मागं राहनारं सकाळीच हेरून ठेवावं लागतं," ते म्हणले. "तीनदा त्याच डब्यात बसली होती ती."

सायबानं अर्ज काढला. रेघ खोडली. "काका, अनुभव काय लिहू?"

मालक अंगठ्यानं माती उकरायला लागले. मीच शेंगांची पाटी खाली ठेवून पुढं झाले. "लिहा. चाळीस वर्सं मेंढरं राखली, एक बी हरवू दिलं नाय."

"किती मेंढरं होती?"

मालकानं मान वर केली. "समदी."

सायेब हसला, आन् त्यानं तसंच लिहिलं.